ब्रेस्ट पंपाची निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बाळंतिणींनी, त्यांच्या आयांनी आणि अधूनमधून त्यांच्या नवऱ्यांनी विचारलेले आहेत. उत्तरांत कोणत्याही कंपनीची शिफारस नाही. पंप दिवसातून किती वेळा आणि कशासाठी लावायचा आहे, हे ठरले की निम्मी निवड आपोआप होते. उरलेली निम्मी छातीला लावायच्या भागाच्या मापावर अवलंबून असते, आणि नेमकी तीच बहुतेक घरांत राहून जाते.

१. रुग्णालयात न्यायच्या सामानाच्या यादीत ब्रेस्ट पंप आहे. तो बाळंतपणाआधीच घेऊन ठेवावा का?

बहुतेकींना त्याची गरज नसते. बाळ नीट ओढत असेल, त्याचे वजन वाढत असेल आणि आई चोवीस तास त्याच्याजवळ असेल, तर सव्वा महिना पंपाविना व्यवस्थित पार पडतो. आधी घेतलेल्या पंपाची अडचण अशी की, मापाचा अंदाज बाळंतपणानंतरच येतो आणि खोके एकदा उघडले की दुकानदार ते सहसा परत घेत नाही. हाताने दूध काढण्याची पद्धत मात्र प्रत्येकीने रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी परिचारिकेकडून शिकून घ्यावी; तिला खर्च नाही, वीज लागत नाही आणि पहिल्या दोन-तीन दिवसांचे घट्ट, थेंबभर चीकदूध काढण्यासाठी ती यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते.

जुळी बाळे आहेत किंवा बाळ दिवस भरण्याआधी होण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली आहे, अशा वेळी आधी तयारी करावी. तीही पंप विकत घेण्याची नव्हे, तर तो भाड्याने कुठे मिळतो याची चौकशी करून ठेवण्याची (प्रश्न ८ पाहा).

२. बाजारात इतके प्रकार दिसतात. त्यांत नेमका फरक काय?

हातपंपात दांडा दाबून ओढ निर्माण करावी लागते. तो स्वस्त, लहान आणि बिनआवाजी असतो, पण रोज वापरला तर मनगट दुखते, आणि बाळंतपणानंतर अनेकींचे मनगट मुळातच दुखरे असते. सिंगल इलेक्ट्रिक पंप एका वेळी एकाच बाजूचे दूध काढतो, तर डबल इलेक्ट्रिक पंप दोन्ही बाजूंचे एकदम काढतो, त्यामुळे वेळ जवळपास निम्मा होतो. वेअरेबल म्हणजे ब्राच्या आत बसणारा, बिननळीचा पंप (प्रश्न ७). दुसऱ्या बाजूने पाजताना आपोआप गळणारे दूध गोळा करणारा सिलिकॉनचा कप पुष्कळ जणी पंप म्हणूनच विकत घेतात. परंतु त्यात मोटर नसते आणि पान्हा आपोआप फुटत नसेल तर तो विशेष कामाचा नाही.

रुग्णालयात वापरतात तो जड, जोरकस पंप अनेक मातांसाठी बनवलेला असतो. प्रत्येकीने आपला स्वतंत्र संच त्याला जोडायचा असतो. तो सामान्य घराने विकत घेण्याजोगा नसतो, भाड्यानेच घ्यावा. घरगुती पंपांच्या खोक्यावरही हल्ली ‘हॉस्पिटल ग्रेड’ असे छापलेले असते. त्यावर भाळू नये, कारण या शब्दांची एकच ठरलेली व्याख्या नाही आणि अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेनेही त्यांना मान्यता दिलेली नाही.

३. रजा संपल्यावर मी कामावर रुजू होणार आहे. माझ्यासाठी कोणता पंप योग्य?

पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, परंतु कंत्राटी काम, लहान दुकान किंवा स्वतःचा व्यवसाय असलेल्या अनेक जणी दोन-तीन महिन्यांतच कामावर परततात. त्यामुळे रजेच्या आठवड्यांपेक्षा बाळापासून किती तास दूर राहावे लागते, हे मोजावे.

एक ते सहा महिन्यांचे, फक्त अंगावर पिणारे बाळ चोवीस तासांत सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध पिते, म्हणजे तासाला साधारण ३० मिलिलिटर. कर्जतहून लोकलने मुंबईला येणारी आई घरातून निघून परत पोहोचेपर्यंत बारा तास होत असतील, तर बाळाला सुमारे ३६० मिलिलिटर दूध मागे ठेवावे लागेल आणि तिला बाहेर तीन ते चार वेळा पंप लावावा लागेल. अशा आईने डबल इलेक्ट्रिकच घ्यावा. एकेका बाजूला पंधरा-वीस मिनिटे घालवायची सवड तिला जेवणाच्या सुटीत कोण देणार? उलट, शाळा घराजवळ आहे आणि शिक्षिका पाच तासांत घरी येते, अशा वेळी मधल्या सुटीत एकदाच दूध काढायला चांगला हातपंप किंवा सिंगल इलेक्ट्रिक पुरतो. महिन्यातून एखाद्या लग्नाला किंवा परीक्षेला जाण्यापुरता पंप हवा असेल, तर हातपंपापलीकडे पैसे घालू नयेत.

बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन स्तनपान-विराम मिळणे हा हक्क आहे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय व तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा असावी लागते. पंप घेण्याआधी मनुष्यबळ विभागाशी याविषयी लेखी बोलून घ्यावे, कारण बसायला जागा कोणती मिळते आणि तिथे प्लगपॉइंट आहे का, यावर बॅटरीवरचा पंप हवा की विजेवरचा, हे ठरते. (अनेक कार्यालयांत ही जागा म्हणजे सर्व्हर रूम किंवा स्वच्छतागृह असते. स्वच्छतागृहात दूध काढणे योग्य नाही, हे तिथे जेवायला न बसणाऱ्या प्रत्येकाला पटायला हवे.)

४. खोक्यात २४ मिलिमीटरचा फ्लँज आहे. तोच वापरायचा ना?

फ्लँज म्हणजे पंपाचा नरसाळ्यासारखा, छातीला टेकणारा भाग, आणि त्याच्या नळीचा व्यास म्हणजे त्याचे माप. कंपन्या बहुधा २४ किंवा २८ मिलिमीटरचा फ्लँज देतात, पण २१, १९ किंवा त्याहूनही लहान माप लागणाऱ्या माता पुष्कळ असतात. ‘पंप चालतच नाही’ अशी तक्रार आली की आम्ही आधी मापच विचारतो.

मोजण्यासाठी कंपासपेटीतील पारदर्शक पट्टी पुरते. बाळाला पाजण्याआधी किंवा पंप लावण्याआधी निपलचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा. भोवतीची गडद त्वचा त्यात धरू नये. येणाऱ्या आकड्यात शून्य ते तीन मिलिमीटर मिळवून जवळचे माप निवडावे. दोन्ही बाजू मोजाव्यात, कारण डावी-उजवीकडे फरक असणे अगदी सामान्य आहे, आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजावे, कारण माप बदलते.

खरी परीक्षा पंप चालू असताना होते. निपल नळीच्या मधोमध मोकळेपणाने पुढे-मागे व्हायला हवे. ते कडेला घासत असेल, नंतर पांढरे पडत असेल किंवा त्यावर चीर दिसत असेल, तर नळी अरुंद आहे. भोवतीची बरीचशी गडद त्वचा आत ओढली जाऊन तिथे गोल वळ उमटत असेल आणि छाती जड ती जडच राहत असेल, तर नळी मोठी आहे. मोठ्या फ्लँजमध्ये बसवायच्या सिलिकॉनच्या कड्या स्वस्तात मिळतात, त्यामुळे मापासाठी पंप बदलावा लागत नाही. म्हणूनच विकत घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हा करावा की, या पंपाची वेगवेगळी मापे आणि सुटे भाग इथे मिळतात का. ते मिळत नसतील, तर पंप कितीही नावाजलेला असो, घेऊ नये.

५. ३०० एमएमएचजी (ओढीचा जोर मोजायचे एकक) ओढ असलेला पंप २५० वाल्यापेक्षा चांगला का?

नाही. रुग्णालयांतील उत्तम पंपांची कमाल ओढदेखील साधारण २५० एमएमएचजीच्या आसपास ठेवलेली असते. दूध केवळ खेचल्याने येत नाही. पान्हा फुटावा लागतो, आणि वेदना झाल्या की तो आटोपतो. त्यामुळे दुखणार नाही इतपत ओढ वाढवत न्यावी आणि किंचित त्रास जाणवू लागला की एक पायरी खाली यावे. त्यापुढे बटण दाबत राहिल्याने दूध वाढत नाही, सूज वाढते.

आकड्यापेक्षा वेग आणि ओढ स्वतंत्रपणे बदलता येतात का, हे पाहावे. बाळ सुरुवातीला भराभर, हलके ओढते आणि पान्हा फुटल्यावर संथ, खोल घोट घेते. चांगला पंपही आधी भराभर आणि मग संथ चालवता येतो. दोन्ही गोष्टी एकाच बटणाला बांधलेल्या स्वस्त पंपांवर ही मोकळीक मिळत नाही.

६. मेडिकलच्या दुकानात रबरी फुगा लावलेला काचेचा पंप अगदी स्वस्तात मिळतो. त्याने काम भागेल का?

तो घेऊ नये. दूध रबरी फुग्यात शिरते, फुगा आतून धुता येत नाही आणि ओढ किती बसते यावर काहीच ताबा राहत नाही. त्या पंपापेक्षा स्वच्छ धुतलेला हात आणि उकळलेली स्टीलची वाटी केव्हाही चांगली.

७. ब्रामध्ये बसणारा वेअरेबल पंप घेतला तर तेवढ्या एकावर भागेल का?

दूध येऊन स्थिरावलेले आहे, दिवसात दोन-तीनदाच काढायचे आहे आणि हात मोकळे हवे आहेत, अशा आईचे भागू शकते. पहिल्या सहा आठवड्यांत किंवा सर्व दूध पंपावरच अवलंबून असताना मात्र एकट्या वेअरेबलवर विसंबू नये, कारण निपल नळीत मधोमध बसले आहे की नाही हे वरून नीट दिसत नाही, भांडे लहान असते आणि वाकल्यावर दूध सांडते. त्याचे भागही अधिक असतात. रात्री दोन वाजता झडपेचा नखाएवढा तुकडा सिंकच्या जाळीत शोधावा लागला की ‘सोयीचा’ या विशेषणाचा पुनर्विचार होतो. खर्च परवडत असेल तर घरी नळीवाला डबल पंप आणि बाहेर वेअरेबल, ही जोडी चांगली. एकच घ्यायचा असेल तर बॅटरीवर चालणारा नळीवाला पंप घेऊन त्यासोबत फ्लँज धरून ठेवणारी पंपिंग ब्रा घ्यावी.

८. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे आणि अजून अंगावर घेता येत नाही. कोणता पंप आणू?

पंपाची वाट पाहत थांबू नका. शक्य झाल्यास पहिल्या तासात, नाहीतर सहा तासांच्या आत हाताने चीकदूध काढायला सुरुवात करावी. चमच्याच्या टोकाएवढे निघाले तरी ते सिरिंजमध्ये घेऊन बाळापर्यंत पोहोचवता येते. त्यानंतर रुग्णालयाचा किंवा भाड्याचा, दोन्ही बाजूंना एकदम चालणारा जोरकस पंप लावावा आणि चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध काढावे. त्यांतील किमान एक वेळ मध्यरात्रीनंतरची असावी, कारण दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते. पंप चालू असताना मधूनमधून हाताने छाती हलकेच दाबल्यास अधिक दूध निघते.

‘बाळंतिणीने रात्री झोपलेच पाहिजे’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह मायेपोटी असतो, आणि तो मोडूही नये: दिवसाची झोप राखून द्यावी, बाटल्या-भांडी धुण्याचे काम दुसऱ्याने घ्यावे, पण रात्रीचा एक पंप चुकवू नये. पहिल्या दोन आठवड्यांत मागणी जितकी वारंवार नोंदवली जाते, तितका पुढच्या महिन्यांतील पुरवठा पक्का होतो.

९. मोठ्या बहिणीने वापरलेला पंप माझ्यासाठी चालेल का?

तो ओपन सिस्टिमचा आहे की क्लोज्ड, हे आधी पाहावे. क्लोज्ड पंपात दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असतो. ओपन पंपात तसा नसल्याने दुधाची वाफ आणि थेंब मोटरपर्यंत जाऊ शकतात, आणि मोटर धुता येत नाही. ओपन सिस्टिमचा वापरलेला पंप घेऊच नये, मग तो सख्ख्या बहिणीचा का असेना. क्लोज्ड असला तरी कंपन्या घरगुती पंप एकाच वापरकर्तीसाठी बनवतात; तो वापरायचाच असेल तर फ्लँज, नळ्या, झडपा आणि पडदे नवे घ्यावेत आणि मोटरची ओढ मंदावलेली नाही याची खात्री करावी. भाड्याच्या रुग्णालयीन पंपाला ही अडचण नाही, त्याचे कारण प्रश्न २ मध्ये आहे.

१०. वीस मिनिटे पंप लावला तरी २० मिलिलिटरच निघाले. दूध कमी आहे की पंप बिघडला?

बहुधा दोन्हीही नाही. बाळाला पाजल्यानंतर पंप लावला असेल तर एवढेच निघणे स्वाभाविक आहे. पंपातून किती निघते यावरून छातीत किती दूध आहे हे ठरत नाही. बाळाचे वजन, दिवसातून ओले होणारे लंगोट आणि पाजल्यानंतरचे त्याचे समाधान यावरून ते कळते. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू आईच्या पोटाला हवेतच, पण फ्लँजचे माप चुकले असेल तर त्यांनी आकडा वाढणार नाही.

आधी चांगले निघत होते आणि अचानक कमी झाले, असे असेल तर झडपा तपासाव्यात. चोचीसारख्या सिलिकॉनच्या झडपा रोजच्या वापराने सैल पडतात. चीर उघडी राहिलेली दिसली की त्या बदलाव्यात, आणि दिवसातून अनेकदा पंप लावणाऱ्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी तशाही बदलाव्यात. तरीही फरक पडला नाही आणि बाळाचे वजनही वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा स्तनपान सल्लागाराला भेटावे.

११. आमच्याकडे लोडशेडिंग असते. इलेक्ट्रिक पंप घेण्यात अर्थ आहे का?

आहे, पण तो यूएसबीवर चार्ज होणारा घ्यावा, म्हणजे मोबाइलच्या पॉवर बँकेवरही चालतो. सोबत साधा हातपंप ठेवावा. काही इलेक्ट्रिक पंपांना दांडा जोडून हातानेही चालवता येते, ते पाहावे. साठवलेल्या दुधाचे काय, हे प्रश्न १३ मध्ये.

१२. प्रत्येक वेळी सगळे भाग धुवावेच लागतात का? नळ्यासुद्धा?

दुधाला लागलेले भाग प्रत्येक वेळी धुवावेत. सिंकमध्ये टाकू नयेत. वेगळे घमेले आणि वेगळा ब्रश फक्त यासाठीच ठेवावा, साबणाच्या गरम पाण्याने धुऊन स्वच्छ कापडावर हवेतच वाळू द्यावेत, पदराने किंवा हात पुसायच्या नॅपकिनने पुसू नयेत. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल, दिवसांआधी जन्मलेले असेल किंवा आजारी असेल, तर दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळावेत. न धुतलेले भाग फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वापरायची युक्ती अशा बाळांच्या बाबतीत करू नये.

क्लोज्ड पंपाच्या नळ्या सहसा धुवायच्या नसतात. आत वाफ दिसली तर दूध काढून झाल्यावर पंप नुसताच काही मिनिटे चालवावा. नळीत दूध किंवा काळे ठिपके दिसले तर ती नळी फेकून द्यावी. निवडीशी याचा संबंध एवढाच की, ज्या पंपाचे भाग कमी आणि कोपरे रुंद, तो धुणाऱ्याचे आयुष्य सोपे करतो.

१३. काढलेले दूध किती वेळ टिकते? आमच्या कार्यालयात फ्रिज नाही.

खोलीचे तापमान २५ अंशांपर्यंत असेल तर चार तास, फ्रिजमध्ये ४ अंशांना चार दिवस, आणि उणे १८ अंशांच्या वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम राहते. एकाच दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेले दूध दोन आठवड्यांत वापरावे. फ्रिजच्या दारात बाटली ठेवू नये.

चार तासांचा हिशेब मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरला लागू होत नाही. तिथे काढलेले दूध लगेच गार करावे, आणि कार्यालयात फ्रिज नसेल तर गोठवलेल्या जेल पॅकसह थर्मल पिशवीत ठेवावे. त्यात ते चोवीस तासांपर्यंत चालते. लोडशेडिंगमध्ये फ्रिजचे दार उघडू नये. गोठलेले दूध कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवावे, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. फ्रिजमध्ये वितळलेले चोवीस तासांत आणि बाळाने उष्टे केलेले दोन तासांत संपवावे. ‘शिळे दूध बाळाला बाधते’ असे आजी म्हणत असतील, तर त्यांना वरील तासांचा हिशेब दाखवून पाजण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे.

१४. काढलेले दूध बाटलीनेच पाजावे लागते का?

नाही. वाटी-चमचा, रुग्णालयातील पालाडाई (चोचीचे लहान भांडे) किंवा घरातले बोंडले, सर्व चालते, आणि बोंडले उकळून स्वच्छ करणे बाटलीच्या निपलपेक्षा सोपे आहे. फीडिंग बॉटलच्या जाहिरातीवर १९९२च्या कायद्याने बंदी आहे. पंपाच्या खोक्यातून मात्र ती बाटली घरात आपोआप येते. दूध काढायला ती वापरा, पाजायला वापरलीच पाहिजे असे नाही.

१५. छातीत गाठ धरली आहे, ताप आहे. पंपाने सगळे दूध काढून टाकू का?

नको. छाती ‘रिकामी’ करण्याच्या प्रयत्नात दूध आणखी तयार होते आणि सूज वाढते, म्हणून हल्ली हा सल्ला बदललेला आहे. बाळाला नेहमीसारखे पाजत राहावे, बाळ घेत नसेल तर ताण उतरण्यापुरतेच काढावे, जोरात चोळू नये आणि शेगडीच्या शेकाऐवजी गार पट्टी ठेवावी. चोवीस तासांत उतार पडला नाही, ताप चढत गेला किंवा लाली पसरली, तर डॉक्टरांकडे जावे.

१६. परदेशातील नणंद तिथला पंप पाठवणार आहे. काही अडचण?

अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट असे लिहिलेले आहे का, ते तिला आधी पाहायला सांगावे. अमेरिकेतील फक्त ११०–१२० व्होल्टचा अडॅप्टर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर जळतो. झडपा आणि कड्या इथे मिळत नसतील तर त्यांचे दोन-तीन संच सोबतच मागवावेत. विमानप्रवासात लिथियम बॅटरीचा पंप हातातल्या सामानात ठेवावा.

१७. माझे दूध बाळाला पुरून उरते. ते विकता किंवा देता येते का?

विकता येत नाही. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये मानवी दुधाच्या व्यापाराविरुद्ध स्पष्ट सूचना काढली आहे. दान मात्र करता येते. आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पेढीत आईची रक्तचाचणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटे तापवून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिले जाते. घरी काढलेले दूध घेतात की तिथेच काढावे लागते, हे त्या त्या पेढीला आधी विचारावे. शेजारणीच्या बाळाला तपासणीविना दूध परस्पर देऊ नये. आणि उरते म्हणून पंपाच्या वेळा वाढवू नयेत. बाळासाठी गरज नसेल तर त्या हळूहळू कमी कराव्यात.

१८. आम्ही बाळ दत्तक घेत आहोत. पंपाच्या साहाय्याने मला दूध येऊ शकते का?

काही जणींना येते, पूर्ण पोटभर क्वचितच. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि स्तनपान सल्लागार यांच्या देखरेखीखाली अनेक आठवडे, दिवसातून सुमारे आठ वेळा पंप लावावा लागतो, आणि इथे फक्त भाड्याचा जोरकस डबल पंपच विचारात घ्यावा. ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या प्रतीक्षायादीत बाळ कधी मिळेल याची तारीख हातात नसते, म्हणून नोंदणी करताच पंप आणून भाडे भरत बसू नये, बाळ निश्चित झाल्याचे कळल्यावर सल्लागाराशी वेळापत्रक ठरवून मग तो आणावा. बाळ घरी आल्यानंतर छातीला चिकटवलेल्या बारीक नळीतून वरचे दूध देत त्याला अंगावर घेता येते, त्यामुळे बाळाचे पोट भरते आणि त्याच्या ओढण्याने पंपाच्या काही वेळा वाचतात.